बासष्ट साली तुम्ही कुठे होता?

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याचे वर्णन केलेच पाहिजे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. तो मोडल्याबद्दल आरंभीच वाचकांची क्षमा मागतो. मी नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातली ती मशालधारी देवीही पाहिली नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत पाच आठवडे मी माझ्या थोरल्या भावाकडे कॅलिफोर्नियात होतो. परत आल्यावर स्टाफरूममध्ये "काय काय पाहिलंत?" अशी चौकशी झाली, तेव्हा मी सांगितले, "मोडेस्टो."

"हे काय असतं?"

"गाव आहे. बदामाच्या बागा आहेत, अक्रोडाच्या आहेत. ऊन फार."

गणिताच्या प्राध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे एवढं विमानाचं भाडं भरून तुम्ही ऊन बघायला गेलात?"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जून महिन्यातले मोडेस्टोचे ऊन आपल्या विदर्भाच्या पंक्तीला बसेल असे आहे. पण मी ऊन पाहायला गेलो नव्हतो. मी एक सिनेमा ऐकायला गेलो होतो. 'ऐकायला' हा शब्द लेखणीच्या चुकीने उतरलेला नाही. काही सिनेमे पाहायचे असतात, काही सोसायचे असतात, आणि एखादाच असा असतो की डोळे मिटले तरी त्याचे काही बिघडत नाही.

'अमेरिकन ग्राफिटी' हा तो सिनेमा. १९७३ सालच्या ऑगस्टमध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस. हे गृहस्थ पुढे 'स्टार वॉर्स' काढून आकाशातल्या लढायांत रमले, त्यामुळे आमच्या मुलांना ते ठाऊक आहेत. परंतु त्याआधी त्यांनी आपल्या गावाचा हा सिनेमा काढला. १९६२ सालचा उन्हाळा संपत आलेला आहे. चार मित्र आहेत. त्यांतले दोघे, कर्ट आणि स्टीव्ह, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने दूरच्या कॉलेजला जायचे आहेत. संध्याकाळी दिवे लागल्यापासून सकाळी विमान उडेपर्यंतची ती एक रात्र. पोरे आपापल्या मोटारीत बसून गावाच्या रस्त्यांवरून फेऱ्या मारतात, मुलींशी बोलायला बघतात, भांडतात, हिरमुसतात. कथानक म्हणावे तर एवढेच.

मग सिनेमात आहे काय? सिनेमात आहे रेडिओ. पडदा उजळण्याआधी रेडिओचा काटा फिरवल्याची खरखर ऐकू येते, आणि बिल हॅलेचे 'रॉक अराउंड द क्लॉक' सुरू होते. तेथून पुढे प्रत्येक मोटारीत, हॉटेलात एकच केंद्र लागलेले असते. चाळीसएक गाणी एकामागून एक येतात. या सिनेमाला संगीत दिग्दर्शकच नाही. वेगळे पार्श्वसंगीत नाही, व्हायोलिनचे रडणे नाही. जे काय सुखदुःख आहे ते त्या वेळच्या तबकड्यांनीच सांगायचे. ल्यूकसने पटकथा लिहिताना प्रत्येक प्रसंगासमोर एकेक गाणे योजून ठेवले होते. एकूण खर्च पावणेआठ लाख डॉलरांच्या आसपास, आणि त्यातले ऐंशी-नव्वद हजार केवळ गाण्यांच्या हक्कांपायी गेले. एल्व्हिस प्रेस्ली मात्र त्यात नाही. त्याच्या तबकड्यांच्या मालकांशी पैशांचे जमले नाही. बासष्ट सालच्या पोरांच्या रेडिओवर एल्व्हिस नाही, म्हणजे आपल्याकडच्या त्या काळातल्या रेडिओवर लता नसावी तसेच. पण गंमत अशी की ऐकताना ते ध्यानातही येत नाही.

या सिनेमाच्या जाहिरातीवर प्रेक्षकांना एक प्रश्न विचारलेला होता: बासष्ट साली तुम्ही कुठे होता?

बासष्ट साली मी कुठेच नव्हतो. दादाही नव्हता. पण आमचे अण्णा होते. ते वाईला, मुख्य रस्त्यावरच्या आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात, गल्ल्यामागे उभे होते. त्यांचे वय तेव्हा एकोणीस होते.

त्या दुकानात आजोबांनी घेतलेला मर्फी रेडिओ होता. रेडिओला तेव्हा सरकारी परवाना लागत असे आणि दर वर्षी टपाल कचेरीत पैसे भरून तो नवा करावा लागे. आजोबा हा खर्च 'उधळपट्टी' या सदरात मांडत. तरी तो चुकवत नसत. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागे, आणि दुकानाच्या पायरीवर निम्मी आळी गोळा होई. वहीच्या गठ्ठ्यांवर बसून ऐकायला मिळे ते अण्णांच्या मर्जीतल्यांना. ही हकीकत अण्णांनी आम्हांला इतक्या वेळा सांगितली होती की त्या गर्दीत मीही कुठेतरी कोपऱ्यात होतो, असे मला वाटू लागले आहे.

पुढे वाचनात आले ते असे. हिंदुस्थानातली पोरे हिंदुस्थानातल्या सिनेमाची गाणी सिलोनवरून का ऐकत? कारण १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना सिनेसंगीताचे वावडे होते. गृहस्थ मराठी, शास्त्रीय संगीताचे भक्त. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. गाणी समुद्र ओलांडून कोलंबोला गेली आणि १९५२ च्या अखेरीपासून 'गीतमाले'च्या रूपाने तिथून परत येऊ लागली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच 'विविध भारती' काढावी लागली.

आता ही गंमत पाहा. 'अमेरिकन ग्राफिटी'तला रेडिओवरचा माणूस म्हणजे वुल्फमन जॅक. हा काल्पनिक नव्हे, खरा. घोगऱ्या आवाजात लांडग्यासारखी आरोळी ठोकून बोलणारा निवेदक. त्याचा आवाज अमेरिकाभर ऐकू जाई, पण तो येई मेक्सिकोतून. अमेरिकेत केंद्राच्या ताकदीला पन्नास हजार वॅटची मर्यादा होती; सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत तशी आडकाठी नव्हती. म्हणून नदीपलीकडच्या अडीच लाख वॅटच्या केंद्रावरून १९६३ पासून हा लांडगा ओरडू लागला. (म्हणजे सिनेमातल्या बासष्टमध्ये तो एक वर्ष आधीच पोचला आहे, पण आठवणींच्या राज्यात एवढे चालायचेच.) जगात सगळीकडे तरुण पोरांची गाणी वडीलधाऱ्यांच्या कुंपणापलीकडूनच यावी लागतात की काय, कोण जाणे!

* * *

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो २००६ साली, अण्णांच्या शेजारी बसून. दादाने अमेरिकेहून त्याची तबकडी पाठवली होती. अण्णांना इंग्रजी बेताचेच येई. पहिल्या अर्ध्या तासात ते म्हणाले, "या पोरांना रेडिओ बंद करायची अक्कल नाही का रे?" पण उठले मात्र नाहीत.

सिनेमात शेवटाकडे एक प्रसंग आहे. कर्टचे जाण्याचे मन होत नाही. एका पांढऱ्या थंडरबर्ड मोटारीतली सोनेरी केसांची मुलगी त्याला क्षणभर दिसली आहे आणि तिला शोधत तो रात्रभर वणवण करतो आहे. तिला निरोप पोचवावा म्हणून तो गावाबाहेरच्या रेडिओ केंद्रावर जातो. तिथे एकटाच एक दाढीवाला माणूस बसला आहे. शीतपेटी बिघडल्यामुळे वितळू लागलेली बर्फाची कांडी तो कर्टला खायला देतो. सांगतो, वुल्फमन इथे नसतो, तो जगभर हिंडत असतो, इथे नुसत्या फिती येतात. आणि जाता जाता त्या पोराला सुचवतो की बाबा रे, जग मोठे आहे, तूही बाहेर पड. कर्ट परत निघतो, सहज वळून काचेतून पाहतो, तो काय! तोच दाढीवाला ध्वनिक्षेपकासमोर बसून आरोळी ठोकतो आहे. जग पाहण्याचा उपदेश करणारा वुल्फमन स्वतः त्या खोलीत बर्फाच्या कांड्या खात बसलेला!

अण्णांनी तो प्रसंग मला पुन्हा लावायला सांगितला. पाहून झाल्यावर ते म्हणाले, "त्या माणसाने पोराला बरोबर सांगितलं." मग माझ्याकडे पाहत थोडे थांबून म्हणाले, "सांगितलं म्हणजे सगळेच जातात असं नाही म्हणा."

मी मान डोलावली. वडील माणसे सिनेमावर असे काहीबाही बोलतात. अण्णा २०१५ साली गेले. तोपर्यंत आणि त्यानंतरही त्या वाक्याचा मी पुन्हा विचार केला नाही.

इथे थोडा घरगुती मजकूर सांगणे भाग आहे. दादा १९९९ साली अमेरिकेला गेला. संगणकवाल्यांना तेव्हा तिकडे सोन्याचे दिवस होते. २००१ साली मलाही परदेशातल्या एका विद्यापीठात भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी जागा मिळाली होती. त्याच वर्षी अण्णांच्या छातीत पहिली कळ आली. मी ते पत्र फक्त दादाला दाखवले आणि नकार कळवून टाकला. पुण्यात नोकरी धरली, दर शनिवारी वाईला जाऊन दुकान पाहू लागलो. अण्णांच्या पश्चातही दुकान चालू ठेवले. 'चालू' म्हणजे उघडे. बारा वर्षे आमच्याकडे असलेला पोरगा ते उघडतो आणि मी पदरचे घालतो. दादाने दोनदा सांगितले, "विकून टाक." दोन्ही वेळा मी मनात म्हटले, जाणाऱ्याला सोपे असते. तोंडाने काही बोललो नाही. आमच्या घराण्यात भांडण बोलून करण्याची पद्धत नाही.

* * *

दादा राहतो फ्रिमाँटला. तिथून मोडेस्टो शंभरेक किलोमीटर. जूनमधल्या एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघेच निघालो. वहिनी म्हणाल्या, "त्या गावात बघण्यासारखं काही नाही हो भाऊजी." दादा म्हणाला, "म्हणूनच जातोय."

वाटेत अल्टामाँटची खिंड लागते. उन्हाने पिवळ्याधमक झालेल्या गवताळ टेकड्या आणि त्यांवर शेकडो पवनचक्क्या. मला एकदम आमच्या साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावर आल्यासारखे वाटले. याच खिंडीजवळच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर १९६९ च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्सची फुकट मैफल झाली होती. लाखांनी पोरे जमली. मारामाऱ्या झाल्या आणि गाणे चालू असताना व्यासपीठासमोर एका तरुणाचा खून झाला. मोडेस्टोच्या त्या निरागस रात्रीपासून अल्टामाँटच्या या रात्रीपर्यंत अंतर किती? वर्षे सात आणि मोटारीने तासाभराची वाट. ल्यूकसचा सिनेमा अल्टामाँटनंतर निघालेला आहे, हे ध्यानात ठेवूनच तो पाहावा. पुढे काय वाढून ठेवले आहे हे काढणाऱ्याला ठाऊक होते. गाणाऱ्या पोरांना नव्हते.

खिंड उतरली की सॅन होकिनचे सपाट खोरे सुरू होते. दुतर्फा बदामाच्या बागा, झाडांच्या रांगा शाळेतल्या प्रार्थनेसारख्या शिस्तीत उभ्या. १८७० साली रेल्वे आली आणि हे गाव वसले. रॅल्स्टन नावाच्या सावकाराचे नाव गावाला द्यायचे ठरले, पण त्याने विनयाने नको म्हटले. तेव्हा कुणी स्पॅनिश बोलणारा म्हणाला, "माणूस 'मोडेस्टो' दिसतो!" म्हणजे विनयशील. झाले, तेच नाव पडले, अशी दंतकथा आहे. गावात शिरताना १९१२ सालची दिव्यांची कमान लागते. तिच्यावर चारच शब्द: पाणी, संपत्ती, समाधान, आरोग्य. मला हा क्रम फार आवडला. पाण्याचा मान पहिला. कालव्याच्या जीवावर जगणाऱ्या माणसांनाच हे सुचावे. आमच्या वाईत कृष्णामाईचा उत्सव पिढ्यान् पिढ्या होतो, तो काय उगाच?

कमान सोडली तर गाव साधेच आहे. लोकवस्ती सव्वादोन लाखांच्या आतबाहेर. रुंद रस्ते, बसकी दुकाने. ज्या दहाव्या-अकराव्या रस्त्यांवरून बासष्टची पोरे फेऱ्या मारत, तिथे तो जुना काळ शोधावा लागतो. खरे म्हणजे ल्यूकसलाही तो तिथे सापडला नव्हता. दहा वर्षांतच गावाचे रूप पालटले, म्हणून १९७२ साली त्याने आधी सॅन राफेल नावाचे गाव गाठले. तिथल्या लोकांनी एक-दोन रात्रींतच परवानगी काढून घेतली. मग तो सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पेटालुमाला गेला. हे गाव एकेकाळी अंड्यांच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध होते. तिथल्या जुन्या मुख्य रस्त्यावर रात्रीमागून रात्री जागून महिन्याभरात काम उरकले. मेल्सचे ते झगमगते ड्राइव्ह-इन हॉटेल होते खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत. तेही पुढे पाडले. म्हणजे मोडेस्टोचा सिनेमा, पण मोडेस्टो त्यात नाही. आपले गाव आपल्या गावात सापडत नाही, ते दुसऱ्याच्या गावात जाऊन उभे करावे लागते. हे वाचून मला अण्णांचे दुकान आठवले आणि मी ती आठवण तिथेच बंद केली.

पाच रस्त्यांच्या नाक्यावर ल्यूकसच्या नावाचा छोटा चौक आहे. १९९७ साली तिथे एक ब्राँझचे शिल्प बसवले. १९५७ सालच्या शेवरोलेटच्या मडगार्डाला टेकलेले एक पोरगा आणि पोरगी. दादा त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि मी फोटो काढला. पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला माझा भाऊ त्या पोरांशेजारी मला क्षणभर त्यांचा समुपदेशक वाटला.

"ल्यूकसच्या वडिलांचं इथे कसलं दुकान होतं, माहीत आहे?" दादाने विचारले.

"कसलं?"

"स्टेशनरीचं."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याला ते आधीपासून माहीत होते, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

पुढची हकीकत त्याने सांगितली. वडिलांची इच्छा, मुलाने दुकान पुढे चालवावे. मुलाच्या डोक्यात मोटारींच्या शर्यती. बासष्टच्या १२ जूनला, शाळा संपायला काही दिवस असताना, घराजवळच्या वळणावर त्याच्या छोट्या गाडीला दुसऱ्या मोटारीने धडक दिली. कमरेचा पट्टा तुटून तो बाहेर फेकला गेला, म्हणून वाचला. गाडी अक्रोडाच्या झाडावर जाऊन आदळली. बरा होऊन उठला तो निराळा माणूस. शर्यती सुटल्या, दुकान तर आधीच सुटले होते. इथल्याच कॉलेजात शिकून तो सिनेमाच्या शाळेत गेला.

"वडील बोलले असतील?" मी विचारले.

"पुष्कळ दिवस बोलले नसतील," दादा म्हणाला.

* * *

जून महिन्यात मोडेस्टोत या सिनेमाचा उत्सव असतो. संध्याकाळी ऊन उतरले तशा जुन्या मोटारी निघाल्या. पन्नास-साठ सालच्या, तुळतुळीत, पेढ्यासारख्या घोटलेल्या. एखादी पिवळी फोर्डही दिसे, मिलनरच्या १९३२ सालच्या गाडीच्या वळणाची. आत बसलेली माणसे सत्तरीपलीकडची. रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून, शीतपेये घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे बसली होती. आपल्याकडे पालखी पाहायला बसतात, अगदी तशी. विशेष म्हणजे अशा फेऱ्यांवर याच गावाने १९९० च्या दशकात बंदी घातली होती! गर्दी, दंगे, पोलिसांना ताप. असल्या बंद्या उठवणारा कायदा कॅलिफोर्नियात २०२४ च्या आरंभापासून अमलात आला. म्हणजे फेऱ्या मारायला परवानगी मिळेपर्यंत मूळच्या पोरांना गुडघेदुखी लागली होती.

प्रत्येक मोटारीत गाणे लागलेले होते. एक मोटार 'रनअवे' घेऊन येई, ती पुढे सरकेतो मागून प्लॅटर्सचे 'द ग्रेट प्रिटेंडर' येई. मधल्या जागेत दोन्ही सुरांची सरमिसळ होई. मला त्या सिनेमाच्या ध्वनीची रचना करणाऱ्या वॉल्टर मर्चची युक्ती आठवली. तबकडीवरचे स्वच्छ गाणे त्याने जसेच्या तसे सिनेमाला लावले नाही. एका घराच्या मागच्या अंगणात ल्यूकसने ते गाणे कर्ण्यावर वाजवायचे आणि कर्णा हलवीत राहायचे. लांब उभ्या असलेल्या मर्चने ध्वनिक्षेपक फिरवीत ते पुन्हा टिपायचे. गाणे भिंतीवर आपटते, हवेत विरते, कोपऱ्यावरून वळते. मग ते नुसते गाणे राहत नाही. कुठल्या तरी जागेचे गाणे होते. वह्यांच्या गठ्ठ्यांमधून, नव्या कागदाच्या वासातून येणारी 'गीतमाला' अण्णांना पुढे कुठल्याही भारी यंत्रावर गोड का लागली नाही, याचा उलगडा मला मोडेस्टोच्या फुटपाथवर झाला.

आणखी एक गोष्ट जाणवली. ही गाणी गाणारे चक बेरी, फॅट्स डोमिनो, प्लॅटर्स, फ्रँकी लायमन हे निग्रो वस्त्यांतून आलेले कलावंत. आज त्यांना कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात. सिनेमातली पोरे मात्र जवळजवळ सगळी गोरी. आवाज मोटारीत बसला होता, गाणारा बाहेर होता. सिनेमा हे बोलत नाही. पण गाणी ऐकणाऱ्याला ते ऐकू येते.

आम्ही रूटबिअर घेऊन पायरीवर बसलो होतो. 'स्मोक गेट्स इन युअर आइज' लागले. सिनेमात या गाण्यावर स्टीव्ह आणि लॉरी नाचतात. उद्या तो जाणार म्हणून ती रडते, आणि सगळ्या सभागृहाला वाटते की काय प्रेमाने नाचताहेत! त्या स्टीव्हचे पुढे काय झाले, ते ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना सांगतो. जाण्याची सर्वांत घाई त्याला होती, तो राहिला. जायचे नाही म्हणणारा कर्ट गेला.

"तुला एक सांगायचं आहे," दादा म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "दोन हजार एक साली तुझं ते पत्र आलं होतं ना? मी अण्णांना फोनवर सांगितलं होतं."

"मी सांगू नको म्हटलं होतं."

"हो. पण सांगितलं. ते म्हणाले, 'त्याला जाऊ दे. दुकानाचं आणि माझं मी बघतो. मी सांगितलं तर तो ऐकणार नाही, भावनेत वाहून जाईल. तू थोरला आहेस, तू सांग, अण्णांनी जायला सांगितलंय म्हणून.'"

एक लाल मोटार भोंगा वाजवीत गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"मी सांगितलं नाही," दादा म्हणाला. "तू गेला असतास तर मला परत यावं लागलं असतं. नुकती नोकरी लागली होती. मला भीती वाटली. नंतर सांगायला तोंड उरलं नाही. त्यांना मात्र वाटत राहिलं, की मी सांगितलं आणि तरीही तू राहिलास."

सांगितलं म्हणजे सगळेच जातात असं नाही म्हणा. अठरा वर्षांमागे सिनेमा पाहताना अण्णा माझ्याकडे का थांबून पाहत होते, ते मला तेव्हा कळले. ते उत्तराची वाट पाहत होते आणि मी मान डोलावली होती.

मी काय बोललो? काहीच नाही. "चल, निघू या," एवढेच म्हटले. मोटारीत बसल्यावर दादाने रेडिओ लावला. मी तो बंद केला. अण्णा असते तर त्यांना आनंद झाला असता: रेडिओ बंद करण्याची अक्कल असलेला एक तरी पोरगा निघाला!

* * *

सिनेमाचा शेवट असा आहे. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर शर्यत होते, एक मोटार उलटून पेटते, माणसे वाचतात. मग विमान उडते. रात्रभर न थांबलेली गाणी तिथे थांबतात. नुसती घरघर उरते. कर्ट खिडकीतून खाली पाहतो. रस्त्यावर ती पांढरी थंडरबर्ड त्याच दिशेने धावते आहे. आणि मग पडद्यावर चार ओळी येतात. जॉन मिलनर १९६४ च्या डिसेंबरात एका दारुड्याच्या मोटारीखाली सापडून मेला. टेरी १९६५ च्या डिसेंबरात व्हिएतनामात बेपत्ता झाला. स्टीव्ह मोडेस्टोत विमा एजंट आहे. कर्ट लेखक आहे, कॅनडात राहतो. मुलींचे काय झाले, ते सांगितलेले नाही. त्याबद्दल ल्यूकसला पुष्कळांनी बोल लावला आणि तो रास्त होता. शेवटी वाजते ते 'बीच बॉइज'चे गाणे १९६४ सालचे आहे, बासष्टचे नव्हे. मधल्या काळात केनेडींचा खून झालेला आहे.

आपल्याकडेही बासष्टचा तो उन्हाळा शेवटचाच होता. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्याचे यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. अण्णा सांगत, त्या महिन्यात दुकानापुढची गर्दी तीच होती, पण लोक गाण्यांसाठी नव्हे, बातम्यांसाठी थांबत. मॅट्रिक होऊन मुंबईला जायचे त्यांच्या मनात होते. आजोबांचे डोळे अधू झाले आणि ते राहून गेले.

अल्टामाँटच्या खिंडीत आलो तेव्हा अंधार पडला होता. पवनचक्क्यांवरचे तांबडे दिवे लुकलुकत होते. मी दादाला म्हटले, "तू सांगितलं असतंस, तरी मी गेलो असतो असं नाही."

"ते तू आता म्हणतोस."

"आता म्हणतोय हे खरं. पण खोटंही नसेल."

मला वाचकांपाशी कबूल केले पाहिजे: राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. पण त्या अंधारात मला माझ्या वहीचेही एक पान दिसले. मी राहिलो, म्हणून मी मोठा, आणि तू गेलास, म्हणून तू लहान, असा जमाखर्च मी पंचवीस वर्षे मांडत आलो होतो. त्यागाचे भांडवल करून त्याचे व्याज मी आरामात खात होतो. दादाने आपले खोटे खाते उघडून दाखवले. मला माझे लपवणे बरे दिसेना. शिवाय पुणे, कॉलेज, मराठीचे वर्ग, समोरच्या बाकावर पहिल्यांदाच तुकाराम कळून चमकलेला एखादा चेहरा, हे काय मी नाइलाजाने भोगले? स्टीव्ह विमा एजंट झाला, याला लोक शोकांतिका समजतात. त्याला कुणी विचारले आहे का?

"दुकान विकायचं," मी म्हटले. "पण बाहेर नाही. त्या पोरालाच देऊ या, त्याला झेपेल त्या किमतीत. त्याला झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्ती सुरू करायची आहे."

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रेडिओ मात्र द्यायचा नाही."

तर असे ठरले आहे. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला दुकानात आमचे शेवटचे वहीपूजन. एवढ्या वर्षांत दादा प्रथमच दिवाळीला येतो आहे. अण्णांची १९६२ सालची खतावणी मी माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. तिच्यात बुधवारच्या विक्रीचा आकडा इतर वारांपेक्षा मोठा आहे. मर्फीही दुरुस्त करून आणला आहे. त्याच्यावर आता कोणते केंद्र लागेल, हा प्रश्न निराळा. दुरुस्ती करणारे गृहस्थ म्हणाले, "नुसती खरखर येईल हो." मी म्हटले, चालेल. वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही दोघे भाऊ ती ऐकू.